नाताळचे झाड आणि फुलामुलांचे कवी

मार्गशीर्ष-पौषाच्या सांध्यावर अंबरनाथास पहाटेची थंडी पडू लागते, शिवमंदिराच्या काळ्या दगडांवर दहिवर साचते, आणि तिकडे उल्हासनगरच्या बाजारात चांदण्या, घंटा व कापसाचा बर्फ टांगला जातो. अशाच एका सकाळी आमचे शेजारी, एक निवृत्त शिक्षक, आमच्या ओसरीवर येऊन बसले. ते ख्रिस्ती, आम्ही हरिदास. परंतु तीस वर्षांचा शेजार आहे. आमच्या उत्सवातील कीर्तनास ते खांबाला टेकून शेवटपर्यंत बसतात आणि नाताळात त्यांच्या घरच्या करंज्या आम्ही संकोच न करता खातो.

मास्तरांची अडचण वरवर पाहता लहान होती. त्यांच्या माळ्यावर प्लॅस्टिकचे एक नाताळचे झाड आहे. अठरा वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीने ते उल्हासनगरच्या बाजारातून घासाघीस करून आणले होते. ती माउली आता नाही. झाडाचा एक पाय मोडला आहे, काही फांद्या झडल्या आहेत. बारा वर्षांच्या नातीने शाळेत पर्यावरणाचा धडा वाचल्यापासून ते घरात उभे करू देणार नाही, असा हट्ट धरला. मुलगा म्हणाला की आपण सुरूची ताजी फांदी विकत आणू. त्यावर नातीने झाड तोडणे हे त्याहून मोठे पाप आहे, असे बजावले. मास्तर दोघांच्या मध्ये सापडले, आणि माळ्यावरचे ते खोके फेकून द्यायचे या कल्पनेने त्यांचा आवाज कापत होता, हे आमच्या ध्यानात आले. आमचे शास्त्र याविषयी काय सांगते, असे त्यांनी विचारले.

आमच्या शास्त्रात नाताळचे झाड कोठून येणार? पण सूचिपर्णी वृक्ष म्हटल्याबरोबर रघुवंशाचा दुसरा सर्ग आठवला. नंदिनी धेनूच्या मागोमाग दिलीप राजा हिमालयाच्या गुहेशी येतो, तेथे एक सिंह धेनूवर झेप घेतो आणि मनुष्यवाणीने राजास आपली कथा सांगतो. समोरचा देवदार वृक्ष हा शंकराने पुत्र मानलेला आहे. पार्वतीने त्याला सुवर्णकलशांनी, जणू स्तन्य पाजावे तसे पाणी घालून वाढविले. पुढे एका रानहत्तीने अंग घासून त्याची साल सोलली, तेव्हा प्रत्यक्ष स्कंद घायाळ झाला असता जितके दुःख व्हावे तितके तिला झाले, म्हणून शंकराने तो सिंह राखणीस ठेवला. युरोपात नाताळला जे वृक्ष घरात आणतात ते फर व स्प्रूस या देवदाराच्याच कुळातले. झाडाच्या सालीला झालेली जखम आईच्या काळजाला लागते, ही कल्पना आम्ही मास्तरांना सांगितली. नात आतून ऐकत होती. तिला ती फार आवडली. मास्तरांचा प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

त्या रात्री आम्हांस कालिदासापेक्षा अधिक उपयोगी पडले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. परक्या मुलुखातून आलेली वस्तू आपल्या मातीत कशी रुजवावी आणि तसे करताना आपले जुने काय सांभाळावे, या एका प्रश्नावर त्या माणसाने आपले सारे आयुष्य पणाला लावले होते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. चित्पावन ब्राह्मणाचे घर, वडील तापट, आई सोशिक व काव्याची आवड असलेली. त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले ते कल्याणास, सुमारे १८६९ ते १८७३ या काळात. आज ज्यास आपण उल्हासनगर म्हणतो तेथे तेव्हा वस्ती नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे लष्कराची छावणी पडली आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या कल्याण कँपमध्ये आसरा मिळून १९४९ साली त्याचे उल्हासनगर झाले. तेव्हा आमच्या या पंचक्रोशीचा टिळकांवर थोडासा हक्क आहे, असे आम्ही प्रेमाने म्हणतो. आईचे छत्र लहानपणीच हरपले आणि तो पोर नाशकास आला. तेथे शास्त्र्यांच्या पाठशाळेत त्याने संस्कृत काव्याचे अध्ययन केले, थोडे इंग्रजी घेतले, पण शिक्षण पुरे झाले नाही. लग्न झाले तेव्हा वधू मनकर्णिका गोखले, म्हणजेच पुढच्या लक्ष्मीबाई, जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या होत्या.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे ही नुसती भटकंती. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी छापखान्यात खिळे जुळविणारे. हातात पैसा टिकत नसे, आणि कोणी दीन दिसला की होते नव्हते ते त्याच्या पदरात पडे. संसार कसा चालत असेल हे लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रांवरून कळते. नवऱ्याच्या लहरींवर इतके निर्मळ हसणारे आणि त्या हसण्याखाली इतके दुःख सोसणारे दुसरे पुस्तक मराठीत नाही, असे आम्ही मानतो. १८९१ मध्ये टिळकांना नागपुरास संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले. शीघ्रकवी म्हणून त्यांचा लौकिक होता. सभेत उभे राहून ते संस्कृतात श्लोक रचीत. परंतु जातिभेदाने पोखरलेल्या या देशाला एकत्र बांधील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

१८९३ मध्ये नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचा संवाद झाला. त्या गृहस्थाने त्यांना नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचावयास घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे मन जे गुंतले ते सुटले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या प्रसंगी सारा भार पडला तो लक्ष्मीबाईंवर, ही गोष्ट टिळकांचे चरित्र सांगताना आम्ही कधी झाकीत नाही. नवरा जिवंत, पण धर्म वेगळा, पदरी लहान मुलगा, नातलगांचा आक्रोश. त्या पंढरपुरी नातलगांच्या आश्रयाने राहिल्या आणि चंद्रभागेच्या काठी त्यांनी आपले दुःख उगाळले. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी आपले सोवळे-ओवळे त्यांनी वेगळे राखले. मग एके दिवशी, कोणी न शिकविता, जातिभेद हा माणसाने केलेला आहे, देवाने नव्हे, असे त्यांना आपल्या आपण उमगले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे धैर्य मोठे खरे. पण आमच्या मते लक्ष्मीबाईंचा प्रवास अधिक लांबचा होता, कारण त्या प्रत्येक पाऊल स्वतः तपासून टाकीत गेल्या.

आता ज्या भागासाठी आम्ही हे चरित्र काढले तो भाग. टिळक अमेरिकन मराठी मिशनात अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, काम करू लागले. तेथे त्यांनी पाहिले की प्रार्थनामंदिरात इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसविलेले आहेत. ऱ्हस्वाचे दीर्घ, दीर्घाचे ऱ्हस्व, वृत्त लंगडे आणि भक्ती परक्या अंगरख्यात घुसमटलेली. ज्याच्या जिभेवर ज्ञानोबा-तुकोबा होते त्याला हे कसे रुचावे? त्यांनी अभंग, ओवी, पदे यांतून ख्रिस्तभक्ती गाइली. उपासना-संगीत या मराठी ख्रिस्ती भजनसंग्रहात त्यांच्या रचना आजही मोठ्या संख्येने आहेत, आणि आमच्या मास्तरांच्या घरी त्या पेटीवर गाइल्या जातात. भिंतीपलीकडून ऐकताना शब्द स्पष्ट कळले नाहीत तर वारकऱ्यांचे भजन चालले आहे असेच वाटावे.

कीर्तनाविषयी आम्ही थोडे अधिकाराने बोलू शकतो. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा टिळकांच्या आधीपासून नगरकडे होती. कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ती चालविली होती. टिळकांनी तिला कवित्वाचे बळ दिले. पूर्वरंगात सिद्धांत मांडावा, उत्तररंगात आख्यान लावावे, झांज व चिपळी यांनी श्रोत्यांचे मन एका तालात आणावे, हा सारा साज त्यांनी ख्रिस्तकथेला चढविला. आमच्या तरुणपणी काही वृद्ध हरिदास याला उसनवारी म्हणत. आमचेही मत तेव्हा तसेच होते, आता नाही. ज्याला घर सोडावे लागले त्याने घरातील देव्हारा सोडला, पण आईच्या हातची ओवी बरोबर नेली, यात चोरी कसली? ती त्याचीच होती.

आणि हा माणूस नुसता प्रचारक नव्हता. महाराष्ट्राने त्याला फुलामुलांचा कवी म्हटले. जखमी होऊनही पिलांसाठी चारा घेऊन घरट्याकडे धडपडत येणाऱ्या पक्षिणीवरील त्यांची कविता पिढ्यान् पिढ्या शाळकरी मुलांनी डोळे पुसत म्हटली. वनवासी फूल या दीर्घ काव्यात रानात एकटे उमललेले फूल आणि कवी यांचा संवाद आहे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात बालकवी ही पदवी मिळालेले त्र्यंबक ठोमरे त्यांच्याच घरी मुलासारखे राहिले होते. फूल तोडून कोटाला लावण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता; फुलापाशी थांबून त्याची विचारपूस करण्याचा होता.

येथे मास्तरांच्या झाडाकडे वळू. नाताळचे झाड ख्रिस्ताच्या जन्मकथेत नाही. ती जर्मनीकडील घरगुती रीत. १६०५ च्या एका वृत्तांतात स्ट्रासबुर्ग शहरी लोक घरांत फरची झाडे उभारून कागदी गुलाब, सफरचंदे व मिठाई टांगीत असल्याची नोंद आहे. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणी व तिचा जर्मन पती आल्बर्ट यांचे झाडाभोवतीचे चित्र १८४८ मध्ये वृत्तपत्रात छापले गेले आणि ती रीत घरोघर पोहोचली. टिळकांच्या अमेरिकन मिशनचे पूर्वसूरी तर न्यू इंग्लंडातील कडवे प्युरिटन. त्यांच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ साजरा करणाऱ्यास दंड होत असे! तेव्हा झाडावाचून नाताळ होत नाही असे कोणी म्हणू नये. आणि झाड परके म्हणून नाक मुरडू नये, कारण नाताळ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला आणि आज तो आपल्या तोंडी घरच्यासारखा रुळला आहे.

मग झाड कोणते निवडावे? आम्ही दोन दिवस चौकशी केली. आपल्या सह्याद्रीच्या या पट्ट्यात फर, देवदार, चीड उगवत नाहीत. ते आणावयाचे म्हणजे शेकडो कोस वाहून आणणे. कोकणकिनाऱ्यावर व गोव्यात सुरूची फांदी लावण्याची जुनी चाल आहे. सुरूच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र जमिनीस देतात, आणि वाळू व वारा अडविण्यासाठी त्याच्या रांगा समुद्रकाठी मुद्दाम लाविल्या आहेत. शेतकऱ्याने वासे-बल्ल्यांसाठी लावलेल्या सुरूची छाटलेली फांदी मिळाली तर त्यात वावगे नाही. पण रस्त्यावरच्या विक्रेत्याने ती किनाऱ्यावरच्या राखणीच्या रांगेतून ओरबाडली की काय, हे विचारल्यावाचून घेऊ नये. शिवाय शहरी भागात १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही.

रोपवाटिकांत क्रिसमस ट्री म्हणून कुंडीतून विकतात ते अरौकेरिया. ते मूळचे दक्षिण पॅसिफिकमधील नॉरफोक बेट व न्यू कॅलिडोनियाकडचे. निम्म्या सावलीत, पाणी न साचू देता, कुंडीत ते पुष्कळ वर्षे टिकते; आठ-दहा दिवस घरात ठेवून पुन्हा उजेडात न्यावे. हौसेने अंगणात भिंतीलगत मात्र लावू नये. मोकळ्या जमिनीत ते मायदेशी पन्नास-साठ मीटर वाढते.

राहता राहिले प्लॅस्टिकचे. नातीचे म्हणणे अर्धे खरे आहे. ते पीव्हीसीचे असते, कुजत नाही, आणि उघड्यावर जाळले तर विषारी धूर होतो. आमच्या मंदिराला लागून वाहणाऱ्या वालधुनीच्या काठी असले काय काय येऊन पडते आणि पेटते ते आम्ही रोज पाहतो. ज्या नदीकाठी १०६० साली शिलाहारांनी हे शिल्प उभारले त्या नदीकाठी आज नाकाला पदर लावून प्रदक्षिणा करावी लागते. परंतु ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेने केलेला हिशोबही लक्षात घेण्याजोगा आहे. दोन मीटर उंचीच्या प्लॅस्टिकच्या झाडामागे सुमारे ४० किलो कर्बवायूचा भार पडतो. तोडलेले खरे झाड कचराभूमीत कुजले तर सुमारे १६ किलो, आणि भुगा करून मातीत मिसळले तर सुमारे साडेतीन किलो. म्हणजे प्लॅस्टिकचे झाड दरसाल नवे घेणे हा अनर्थ. पण एकदा घेतलेले दहा-बारा वर्षांहून अधिक वापरले तर त्याचा भार फिटत जातो. मास्तरांचे झाड अठरा वर्षांचे. ते फेकून नवे काही आणणे हीच खरी उधळपट्टी ठरली असती.

हा हिशोब आम्ही नातीला कागदावर मांडून दाखविला. तिने तो दोनदा तपासला. मग तिने आम्हांलाच विचारले की वटपौर्णिमेला आमच्या घरी वडाची फांदी तोडून आणतात ती का? आमच्यापाशी उत्तर नव्हते. जिवंत वडाला प्रदक्षिणा घालावयाचे व्रत, आणि आम्ही बाजारातून दोन रुपयांपासून वीस रुपयांपर्यंत भाव चढलेल्या डहाळ्या वर्षानुवर्षे आणविल्या. दसऱ्याला आपटा ओरबाडला तो वेगळाच. कीर्तनात वृक्षमहिमा सांगून घरी आल्यावर त्याच फांदीला हळदकुंकू वाहिलेले आम्ही मुकाट्याने पाहिले आहे. येत्या ज्येष्ठात तसे होणार नाही, असा शब्द त्या पोरीने आमच्याकडून घेतला आहे.

टिळकांची अखेरही सांगून टाकू. १९१२ पासून ते ज्ञानोदय पत्राचा मराठी विभाग पाहत होते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे सारे ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत, ही त्यांची आस होती. संस्था रुजावयास अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांनी आरंभिले होते, त्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. ज्या लक्ष्मीबाईंना पतीने संसारात घरी बसून अक्षरओळख करून दिली, त्यांनी त्याचे पुढील चौसष्ट अध्याय रचले. १९३६ मध्ये त्या गेल्या आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

परवा रविवारी आम्ही मास्तरांकडे गेलो. माळ्यावरचे खोके खाली उतरले होते. मोडक्या पायाला बांबूची कामटी सुतळीने आवळून बांधली होती आणि झडलेल्या फांद्यांच्या जागी नातीने जुन्या वर्तमानपत्राच्या चांदण्या लाविल्या होत्या. पत्नीच्या हातचे लोकरीचे दोन गोंडे मास्तरांनी सर्वांत वरच्या फांदीला स्वतः बांधले. ते बांधताना कोणी काही बोलले नाही. शेजारी एका कुंडीत जांभळाचे रोप होते. बदलापूरची जांभळे नामांकित. तेथूनच मुलाने ते आणले, पावसाळ्यात शाळेच्या आवारात लावावयाचे असे ठरले आहे. नातीने त्यालाही एक पुठ्ठ्याचा तारा टांगला आहे. तारा जरा जड झाल्याने रोप एका अंगास कलले, म्हणून मास्तरांनी उरलेल्या कामटीचा त्याला टेकू दिला आहे.